तीन वाटांची चाल आणि ती अडविणारे

घरांतील एकादा मुलगा अथवा पुतण्या अमेरिकेंतील विद्यापीठांत शिकावयास गेला आहे, अशीं कुटुंबें आतां आपल्याकडे विरळा राहिलीं नाहींत. तिकडून येणाऱ्या त्याच्या बोलण्यांत अभ्यास, थंडी आणि हातानें करावा लागणारा स्वयंपाक यांच्या जोडीला शरद ऋतूंत आणखी एक विषय हटकून येतो. तो म्हणजे शनिवारचा फुटबॉलचा सामना. इकडील वडील मंडळींस वाटतें कीं, हा आपल्याच ओळखीचा पायानें खेळावयाचा खेळ. वस्तुतः त्यांत पायाचा संबंध फार थोडा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता, आणि तो बहुधा कोणाच्या तरी हातांतच असतो. प्रथमदर्शनीं तर ती केवळ धटिंगणांची झोंबाझोंबी दिसते. परंतु या झोंबाझोंबीच्या पोटांत एक चाल अशी आहे कीं, ती अडवावयाची असेल तर अंगांतील बळापेक्षां मनाचा निग्रहच अधिक कामास येतो. त्या चालीविषयीं, आणि विशेषतः ती अडविणाऱ्यांविषयीं, चार शब्द लिहावे असा विचार आहे.

खेळाचे नियम विस्तारानें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. प्रत्येक बाजूस अकरा गडी. मैदान शंभर यार्ड लांब. ज्या बाजूकडे चेंडू आहे तिनें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें. सरकली तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न सरकली तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाची शेवटची रेषा ओलांडली म्हणजे सहा गुण. चढाईचा जो सूत्रधार त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. इतकें ध्यानांत असलें म्हणजे पुरे.

या चालीचें तिकडील नांव ‘ट्रिपल ऑप्शन’. आपण तिला तीन वाटांची चाल म्हणूं. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातीं येतो. त्याच्या लगत मागें उभा असलेला धिप्पाड गडी, ज्यास फुलबॅक म्हणतात, तो सरळ समोरच्या भिंतीवर धांवून जातो. क्वार्टरबॅक चेंडू त्याच्या पोटाशीं नेऊन धरतो, पण सोडीत नाहीं; दोघेहि एक पाऊल चेंडूसकट बरोबर टाकतात. त्या पावलाच्या अवधींत क्वार्टरबॅकची नजर चेंडूकडे नसते, फुलबॅककडेहि नसते. ती असते प्रतिपक्षाच्या एका ठराविक गड्यावर. या गड्यास मुद्दामच कोणी अडविलेलें नसतें. तो फुलबॅकवर तुटून पडला तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेऊन बाहेरच्या बाजूस धांवतो. तो जागीं राहिला तर चेंडू फुलबॅकला देऊन टाकतो. ही पहिली निवड. बाहेर धांवतांना मोकळा सोडलेला दुसरा एक गडी आडवा येतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला, तर शेजारून कांहीं यार्डांवर धांवत असलेल्या तिसऱ्या सोबत्याकडे चेंडू फेंकावयाचा. तो त्या सोबत्याकडे वळला, तर आपणच चेंडू घेऊन पुढें शिरावयाचें. हें सर्व दोन-तीन सेकंदांत.

वरवर पाहतां शत्रूचे दोन गडी मोकळे सोडणें हा वेडेपणा वाटतो. पण खरी मेख तेथेंच आहे. जे या दोघांना अडविण्यांत गुंतले असते, ते आतां इतरांवर जाऊन पडतात. आणि मोकळे राहिलेले दोघे जें कांहीं करतील तें चुकीचेंच ठरतें, कारण त्यांनीं काय केलें हें पाहून मगच चाल ठरते. बुद्धिबळांत समोरच्याचें उत्तर पाहून आपली झालेली खेळी फिरविण्याची मुभा मिळावी, तसा हा प्रकार.

ज्यांना हें कागदावर उमजत नसेल त्यांनीं सुटीच्या दिवशीं घरांतील मुलांना अंगणांत उभें करून पाहावें. तिघांनीं चेंडू न्यावा, तिघांनीं अडवावें. अडविणाऱ्यांपैकीं एकानें फक्त पहिल्यास, दुसऱ्यानें फक्त दुसऱ्यास व तिसऱ्यानें फक्त तिसऱ्यास धरावें, मग चेंडू कोणाकडेहि असो, असें त्यांस बजावून सांगावें. पहिल्या दोन-तीन खेपांस मुलें सांगितल्याप्रमाणें वागतील. मग हळूहळू तिघांचेहि डोळे चेंडूकडे लागतील, आणि एका खेपेस तिघे मिळून एकालाच मिठी मारतील. उरलेले दोघे हंसत पलीकडे जाऊन पोंचतील. अमेरिकेंतील वीस-एकवीस वर्षांचे कसलेले जवानहि याच रीतीनें फसतात.

बचावाचें सारें शास्त्र म्हणजे या एका स्वभावदोषावरील औषध. नियम साधा आहे. फुलबॅकचा एक धनी, क्वार्टरबॅकचा एक धनी, आणि बाहेर धांवणाऱ्या तिसऱ्याचा एक धनी. ज्याच्या वाट्यास फुलबॅक आला त्यानें दर वेळीं फुलबॅकला पाडावयाचेंच, त्याच्या हातांत चेंडू असो वा नसो. सबंध सामन्यांत त्यानें रिकाम्या हातांच्या माणसालाच वीस वेळां पाडलें, तरी त्याचें काम झालें. मात्र एकविसाव्या वेळीं ‘आतां चेंडू याच्याकडे नाहींच’ असें मानून तो बाजूस वळला, कीं नेमका त्याच वेळीं चेंडू त्याच्या सोडलेल्या वाटेनें निघून जातो. म्हणून या सामन्यापूर्वींच्या आठवड्यांत कित्येक प्रशिक्षक तालमीच्या वेळीं चेंडूच काढून घेतात. नकली प्रतिपक्ष चेंडूवांचून चाल करतो, आणि ज्यानें त्यानें आपापला माणूस धरावयाचा. चेंडूच नसल्यामुळें डोळ्यांना भुलावयास जागा उरत नाहीं.

तथापि एवढ्यानें काम भागत नाहीं. कोणता गडी कोणावर जातो हें क्वार्टरबॅकला एकदां कळलें, कीं तो त्याप्रमाणें आपली चढाई बेतूं लागतो. म्हणून बचावालाहि वाटण्या बदलाव्या लागतात. या खेपेस टोकाच्या गड्यानें फुलबॅक धरला व मागच्या लाइनबॅकरनें क्वार्टरबॅक. पुढच्या खेपेस उलट. डोळ्यांसमोर मोकळा दिसणारा गडी फुलबॅकवर गेला म्हणून क्वार्टरबॅक चेंडू घेऊन बाहेर पडतो, तों त्या गड्याच्या पाठीमागून दुसराच त्याच्यापुढें येऊन उभा ठाकलेला असतो. क्वार्टरबॅकला कसें धरावें याविषयीं मात्र दोन मतें आहेत. कोणी म्हणतात, निवड करण्यास त्याला अवधीच देऊं नये. पहिल्या पावलाला त्याच्यावर कोसळावें. दुसऱ्यांचें म्हणणें, त्याच्या अंगावर न जातां पुढें-मागें झुलत राहावें, त्याला विचारांत पाडावें. तेवढ्यांत मागचे सोबती धांवून येतात. आम्हांस हें दुसरें मत अधिक शहाणपणाचें वाटतें. परंतु त्यास पाय फार चपळ लागतात, हेंहि खरें.

आणखी एक गोम आहे. दर खेपेस जमिनीवरून धांवणारा हा प्रतिपक्ष तासभर तसाच धांवत राहतो. पाठीमागे राखणीस ठेवलेला गडी शेवटीं कंटाळून पुढें धांवूं लागतो. आणि तेवढ्यांत क्वार्टरबॅक थांबतो व त्याच्या डोक्यावरून चेंडू लांबवर फेंकतो. सामन्यांत असे प्रसंग थोडे येतात, पण त्यांपैकीं एखादाच निकाल फिरवून जातो.

ही चाल १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास ह्यूस्टन विद्यापीठाचे बिल योमन यांनीं नांवारूपास आणिली. १९६८ सालीं टेक्सास विद्यापीठांत डॅरेल रॉयल यांच्या हाताखालील एमरी बेलार्ड यांनीं तिला नवी आकृति दिली. क्वार्टरबॅकच्या मागें फुलबॅक व त्याच्या मागें दोन बाजूंस दोन गडी. या आकृतीस तिकडे कोंबडीच्या छातींतील हाडावरून ‘विशबोन’ हें नांव पडलें. आपल्या शाकाहारी वाचकांनीं गलोलीचें बेचकें डोळ्यांसमोर आणावें म्हणजे झालें. पहिला सामना बरोबरींत सुटला, दुसऱ्यांत हार झाली. आणि त्यानंतर टेक्सास संघानें ओळीनें तीस सामने जिंकले. १९६९ च्या हंगामाचें राष्ट्रीय अजिंक्यपदहि त्यांतच आलें.

त्या अजिंक्यपदाच्या शेवटीं, १९७० च्या पहिल्याच दिवशीं, डॅलस येथील कॉटन बोल सामन्यांत नोटर डेम विद्यापीठाचा संघ २१–१७ असा हरला होता. त्याचे प्रशिक्षक आरा पार्सेगियन. बरोबर एका वर्षानें, १ जानेवारी १९७१ रोजीं, तेच दोन संघ त्याच मैदानावर पुन्हां समोरासमोर आले. मधल्या अवधींत पार्सेगियन यांनीं जो बचाव रचला तो आरशाप्रमाणें होता. चढाईकडील गडी ज्या आकृतींत उभे, तीच आकृति त्यांनीं आपल्या बाजूस उभी केली, आणि प्रत्येकाच्या समोर त्याचा धनी नेमून दिला. फुलबॅकची मधली वाट व बाहेरची लांब वाट या दोन्ही त्यांनीं आवळून धरल्या. क्वार्टरबॅक एडी फिलिप्स यास मात्र धांवूं दिलें. तो पुष्कळ धांवलाहि. पण ज्या संघाचें बळ तीन वाटांत, त्याला एकाच वाटेनें चालावयास लावलें कीं त्याची घडी विस्कटते. टेक्सासच्या हातून त्या दिवशीं नऊ वेळां चेंडू निसटला. त्यांपैकीं पांच वेळां तो नोटर डेमनें बळकावला. सर्व गुण पूर्वार्धांतच झाले. निकाल २४–११, आणि तीस विजयांची माळ तेथें तुटली.

चाल मात्र संपली नाहीं. शेजारच्या ओक्लाहोमा विद्यापीठानें ती उचलली, आणि १९७१ च्या हंगामांत त्या संघानें केवळ धांवून दर सामन्यास सरासरी ४७२ यार्ड मिळविले. पुढें बॅरी स्विट्झर यांच्या कारकीर्दींत तीन अजिंक्यपदें आलीं. तिला उतारा सांपडला तो मियामींत, आणि तोहि ओक्लाहोमाच्याच जुन्या सेवकाकडून. जिमी जॉन्सन यांनीं पूर्वीं तेथें प्रशिक्षकाच्या हाताखालीं काम केलेलें, त्यामुळें घरची चाल त्यांस आंतून ठाऊक. त्यांनीं आकारापेक्षां वेगाला मोल दिलें. पाठीमागच्या राखणदाराला पुढें लाइनबॅकर केलें, लाइनबॅकरला आणखी पुढें टोकाला उभें केलें. वजन कमी, पण चूक झाली तरी ती धांवून भरून काढण्याइतके पाय. १९८५, १९८६ व १९८७ या तीन हंगामांत ओक्लाहोमानें अवघे तीन सामने गमावले, आणि तिन्ही मियामीकडून.

आज ही चाल मुख्यतः लष्करी विद्यालयांच्या संघांनीं जिवंत ठेवली आहे. तेथें शिकून पुढें सैन्यांत जावयाचें असल्यामुळें दीडशें किलोंचे पहाड तेथें सांपडत नाहींत. समोरच्याला ढकलतां येत नसेल तर त्याला चुकवावें, हा त्यांचा हिशेब. नौदलाचा संघ नोटर डेमकडून ओळीनें ४३ वर्षें हरत आला होता. २००७ सालीं पॉल जॉन्सन यांच्या प्रशिक्षणाखालीं, तीन वेळां जादा डाव झाल्यावर, तो ४६–४४ असा जिंकला. हेच जॉन्सन पुढें जॉर्जिया टेक येथें गेले, आणि तेथील अनुभव बोलका आहे. हंगामांत एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंतच तयारीस वेळ मिळे, तेव्हां भले भले संघ गोंधळत. पण हंगामानंतरच्या सामन्यास महिनाभर अवधि मिळाला कीं आयोवासारखा शिस्तीचा संघ त्यांना जानेवारी २०१० मध्यें २४–१४ असा अडवी. अर्थात् महिना मिळाला म्हणजे विजय मिळालाच असें नव्हे. २०१४ च्या हंगामाअखेर मिसिसिपी स्टेट संघालाहि तो मिळाला होता, तरी ४९ गुण त्याच्यावर चढले.

या बचावाची खरी कसोटी पाहावयाची असेल तर २२ सप्टेंबर २०१८ चा सामना पाहावा. भूदलाचा संघ ओक्लाहोमाच्या घरीं खेळावयास गेला होता. साठ मिनिटांच्या खेळांत सुमारें पंचेचाळीस मिनिटें चेंडू पाहुण्यांकडेच होता. ज्या ओक्लाहोमाची चढाई त्या वर्षीं देशभर गाजत होती, ती बाजूला उभी राहून पाहत होती. आणि बचावाचे गडी श्वास घेण्यास फुरसत न मिळतां एकामागून एक प्रयत्न अडवीत होते. केनेथ मरे या एकट्या लाइनबॅकरच्या नांवावर त्या दिवशीं २८ वेळां गडी पाडल्याची नोंद झाली. एरवीं दहा झाल्या तरी कामगिरी चांगली म्हणतात. जादा डावांत ओक्लाहोमा २८–२१ असें कसेंबसें सुटलें.

एक गोष्ट मात्र आम्हांस पहिल्यापासून खटकत आली. वजनानें हलका गडी जड गड्याला अडवितांना त्याच्या गुडघ्यांवर झेंप घेतो. ही अशा संघांची जुनी रीत. बचावाच्या गड्यानें एक डोळा आपल्या माणसावर ठेवावयाचा, दुसरा आपल्या गुडघ्यांकडे, आणि येणाऱ्याला दोन्ही हातांनीं खालीं दाबून उडी मारावयाची. जरा चुकलें तर वर्ष फुकट, कधीं खेळच संपला. कोणाच्या मुलाचा गुडघा हा चालीचा भाग व्हावा, हें आमच्या तरी मनास पटलें नाहीं. २०१८ सालीं पुढच्या मैदानांतील अशा झेंपांवर बंदी आली, आणि २०२२ पासून कमरेखालील अडथळा फक्त चेंडूभोवतालच्या मधल्या लहानशा चौकटींतच करतां येतो. लष्करी संघांचे कैवारी म्हणतात, दुबळ्याचें एक शस्त्र काढून घेतलें. त्यांत तथ्य आहे; तरीहि आम्ही नियम करणाऱ्यांच्याच बाजूस आहों.

नियम बदलल्यावर भूदलाच्या संघानें २०२३ मध्यें आपली मांडणी बदलून पाहिली, ती फारशी लाभली नाहीं. पुढच्याच वर्षीं प्रशिक्षक जेफ मंकेन पुष्कळ अंशीं जुन्या घराण्याकडे वळले. २०२४ च्या हंगामांत त्या संघानें पहिले नऊहि सामने जिंकले, आणि अखेरीस आपल्या गटाचें अजिंक्यपदहि मिळविलें. मधला दहावा सामना नोव्हेंबरांत न्यूयॉर्कच्या यांकी मैदानावर झाला. समोर नोटर डेम होतें. जो तो आपल्या नेमलेल्या माणसावर टिकून राहिला, आणि भूदलाचा संघ ४९–१४ असा परत गेला.