पान एक, कोंबडी अख्खी!

सोलमधील कोणत्याही वस्तीत सायंकाळी सातनंतर फेरफटका मारला, तर तळलेल्या कोंबडीचा दरवळ पाठ सोडत नाही. दिवसभराची कामे आटोपून एखादा एकटा प्रवासी त्या वासाच्या मागाने दुकानात शिरतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘किती जण?’ ‘एकटाच’ हे उत्तर देणे सोपे असते. खरी पंचाईत होते ती पदार्थांची यादी हाती आल्यावर. तेथे प्लेटचा हिशेब नसतो. बहुतेक दुकानांत विकली जाते ती अख्खी कोंबडी.

रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई या कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यामुळे कोरियाची कामानिमित्तची वारी मराठी माणसाला आता नवलाची राहिलेली नाही. गोमांस आणि डुकराचे मांस वर्ज्य असणाऱ्यांना तेथे तळलेल्या कोंबडीचा मोठा आधार वाटतो. मात्र हा पदार्थ मुळात चौघांत बसून खाण्याचा आहे, हे ठाऊक नसल्यास खिशाला चाट बसते आणि अन्नही वाया जाते.

माप ‘नगा’चे

कोरियन भाषेत ‘चिकिन’ म्हणजे केवळ तळलेली कोंबडी. पक्ष्याला ‘दाक’ हा वेगळा शब्द आहे. मागणी नोंदवायची ती ‘हान मारी’, म्हणजे एक नग, अशी. दुकानदार प्रामुख्याने ‘१० क्रमांका’ची कोंबडी वापरतात. साफ केल्यावर तिचे वजन साधारण एक किलो भरते. त्यावर पिठाचे आवरण, सोबत पांढऱ्या मुळ्याच्या आंबटगोड फोडी आणि बहुधा बिअर. चिकिन आणि ‘मेक्जू’ म्हणजे बिअर, यांच्या जोडीला ‘चिमेक’ म्हणतात. हा शब्द २०२१मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशातही दाखल झाला. नामांकित दुकानांत एका नगाला २० हजार वॉन किंवा त्याहून अधिक, म्हणजे बाराशे रुपयांच्या पुढे मोजावे लागतात. दोघांनी खाल्ले तर हा सौदा परवडतो. एकट्याला तो दोन्ही अर्थांनी जड जातो.

यादीतील ‘बानबान’ हा शब्द नवख्याला हमखास फसवतो. त्याचा अर्थ ‘अर्धे-अर्धे’ असा असला, तरी ती अर्धी प्लेट नव्हे. अर्धी कोंबडी साधी आणि अर्धी तिखटगोड ‘यांग्न्योम’ मसाल्यात घोळलेली. एकूण कोंबडी पुन्हा एकच!

पंगतीचा पदार्थ

या मापाला इतिहास आहे. पगाराच्या दिवशी वडिलांनी कागदी पिशवीतून अख्खी कोंबडी घरी आणावी आणि सर्वांनी मिळून ती संपवावी, ही कोरियातील एका पिढीची आठवण आहे. १९७०च्या दशकात तळलेली कोंबडी रुळली. लाल यांग्न्योम मसाल्याचे श्रेय देगू शहरातील युन जोंग-ग्ये यांना दिले जाते. १९९७च्या आर्थिक संकटात नोकरी गमावलेल्या अनेकांनी थोड्या भांडवलात चिकिनची दुकाने थाटली आणि ती गल्लोगल्ली पोहोचली.

दरम्यान, घरे मात्र लहान होत गेली. सन २०००मध्ये दक्षिण कोरियातील एकूण कुटुंबांपैकी १५.५ टक्के कुटुंबे एकाच व्यक्तीची होती. २०२३मध्ये हे प्रमाण ३५.५ टक्क्यांवर गेले. ‘होन्जा’ म्हणजे एकटा आणि ‘बाप’ म्हणजे भात किंवा जेवण. त्यातून ‘होन्बाप’ हा शब्द रूढ झाला. तरीही जुनी नजर पुरती बदललेली नाही. २०२५च्या जुलैमध्ये येओसू शहरातील एका भोजनालयात एकट्या आलेल्या महिलेला लवकर आटोपण्यास सांगितल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला. समाज बदलला, पण ताट अजून जुन्याच मापाचे राहिले, असा हा पेच आहे.

एकट्याने काय करावे?

पहिला मार्ग बाजाराचा. कोरियातील पारंपरिक बाजारांत ‘दाकगांगजोंग’ मिळते. हे कोंबडीचे लहान, पाकात घोळलेले तुकडे असून अनेक ठिकाणी ते कागदी पेल्यातून विकले जातात. दुसरा मार्ग रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या किरकोळ दुकानांचा. तेथे सुटे तळलेले तुकडे मिळतात. बर्गर विकणाऱ्या साखळी दुकानांतही तुकड्यांवर भागते. काही दुकानांत ‘बान मारी’, म्हणजे खरोखरच अर्धी कोंबडी मिळते. ती यादीत दिसत नसली, तरी विचारून पाहण्यात संकोच नसावा.

आणि अख्खीच घ्यायची असेल, तर ‘पोजांग’, म्हणजे बांधून देण्यास सांगावे. कोरियन चिकिन सहसा दोनदा तळतात. पहिल्या तळणीत मांस शिजते. थोडे निवल्यावर दुसऱ्या तळणीत कातडीतील आणि आवरणातील उरलेले पाणी निघून जाते. आवरण पातळ आणि स्टार्चयुक्त असल्याने त्याचा कुरकुरीतपणा बराच वेळ टिकतो. मसाल्यातील तुकडे लवकर मऊ पडतात, म्हणून ते आधी खावेत. साधे तुकडे खोलीतील फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करून घ्यावेत. रात्रभर बाहेर ठेवू नयेत. वेळेची निवडही महत्त्वाची. सायंकाळी लवकर गेल्यास मेजे रिकामी असतात आणि एकट्याने चौघांची जागा अडवल्याचे ओझे मनावर राहत नाही.

पंगतीत पान एकच मांडले, म्हणून जेवणाची गोडी उणी होत नाही. अख्खी कोंबडी संपवण्याचे बंधन नाही आणि एकटे असल्याबद्दल ओशाळण्याचे कारणही नाही. ‘किती जण?’ या प्रश्नाला ‘हान म्योंग’, म्हणजे ‘एक जण’, असे उत्तर देऊन निःसंकोच खुर्ची ओढावी. आज त्या शहरातील असंख्य घरांत रात्रीचे पान एकच मांडले जाते.