आकाशाची सीमा शोधणारे संशोधक

उंच जावें तशी हवा थंड होत जाते, हें डोंगराळ मुलखांतील शेतकऱ्यांस अनुभवानें ठाऊक आहे. ही घट दर किलोमीटरास सरासरी ६.५ अंश सेंटिग्रेड असते. थंडी अशीच वरपर्यंत वाढत जात असावी, असें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्रज्ञही मानीत. हा समज ज्यांनीं दूर केला, त्या लेओं तेसरां द बोर या फ्रेंच संशोधकांचें चरित्र आमच्या वाचकांस बोधप्रद वाटेल.

त्यांचा जन्म १८५५ सालीं पॅरिस येथें झाला. १८८० पासून ते तेथील सरकारी हवामान कचेरींत होते. १८९६ सालीं ती नोकरी सोडून त्यांनीं व्हर्सायनजीक त्राप या गांवीं स्वखर्चानें वेधशाळा उभारली. तेथून ते हैड्रोजन वायूनें भरलेले कागदी फुगे सोडीत. फुग्याखालीं उष्णमान व हवेचा दाब आपोआप टिपणारें यंत्र टांगलेलें असे. तें वाऱ्याबरोबर दूर जाऊन कोणाच्या तरी शेतांत किंवा रानांत उतरे. ज्यास सांपडे त्यानें परत केलें, तरच नोंद हातीं येई. या शोधाचें यश अशा रीतीनें खेड्यापाड्यांतील अनोळखी लोकांच्या प्रामाणिकपणावरही अवलंबून होतें.

नोंदी मात्र विलक्षण निघाल्या. सुमारें ११ किलोमीटरांवर उष्णमानाची घट थांबलेली दिसे. उन्हानें यंत्रच तापत असेल, ही शंका रास्त होती. म्हणून त्यांनीं रात्रीं फुगे सोडले; तरीही फळ तेंच. ११ किलोमीटरांपलीकडे गेलेल्या २३६ फुग्यांच्या नोंदी जमल्यावर, २८ एप्रिल १९०२ रोजीं, त्यांनीं हा शोध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढें मांडला. त्याच सुमारास जर्मनींत रिचर्ड आसमन यांनींही स्वतंत्रपणें तोच निष्कर्ष काढला. खालच्या थरास ट्रोपोस्फियर व वरच्यास स्ट्रॅटोस्फियर हीं नांवें तेसरां द बोर यांनींच दिलीं. १९१३ सालीं त्यांचें निधन झालें.

या सीमेचा पावसाशीं निकट संबंध आहे. वर चढणारी दमट हवा तेथें अडते. गडगडाटी ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरट दिसतो तो त्यामुळेंच. सीमेवरील थरांतील ओझोन वायू सूर्याचे घातक किरण शोषून तापतो, म्हणून तेथें थंडी वाढत नाहीं. आपल्या देशांत डॉ. के. आर. रामनाथन् यांनीं या विषयाचा अभ्यास पुढें नेला. विषुववृत्तालगत ही सीमा अधिक उंच, सुमारें १६ ते १७ किलोमीटरांवर असते व तेथील हवा ध्रुवांकडील हवेहूनही थंड असते, असें त्यांनीं १९२९ सालीं दाखविलें.

नव्या बियाण्याची वा खताची पारख करतांना आपण पुष्कळदां एकाच हंगामाच्या पिकावर मत बनवितों. शंका आली तेथें पुनः पुनः पडताळा घ्यावा, प्रतिकूल परिस्थितींतही घ्यावा, आणि मगच बोलावें, हा या संशोधकांचा धडा शेतकऱ्यांसही तितकाच उपयोगी आहे.