नाणेघाटाची सहल : पुढच्या वर्षी नव्हे, याच पौषात

व्यापारी घरात सहल ठरते ती बहुधा ‘पुढच्या वर्षी’. दिवाळीत वहीपूजन, तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई, मार्चअखेरीस हिशेब, उन्हाळ्यात पुन्हा लग्नांची गर्दी आणि पावसाळ्यात चातुर्मास. बारा महिन्यांत दुकानाला सुट्टी म्हणून सापडत नाही. मी बँकेत 34 वर्षे नोकरी केली आणि हक्काच्या रजा हिशेबाने उपभोगल्या. माझे थोरले बंधू मात्र मुरबाडच्या बाजारात धान्याच्या दुकानाच्या गादीवर 40 वर्षे बसले. नाणेघाटाचा पायथा तेथून गाडीने तासाभराच्या आत. मी रजेवर घरी गेलो की दादा म्हणत, “पुढच्या वर्षी नक्की वर जाऊ रे.” ते पुढचे वर्ष उजाडले तेव्हा दादांच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती.

तरीही गेल्या पौषात आम्ही सर्व कुटुंब नाणेघाटात गेलो. ते कसे जमले, हे वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

प्रथम वेळेविषयी. माळशेज म्हटले की लोकांना पाऊस आठवतो. परंतु त्या दिवसांत घाटात दाट धुके असते, दरडी कोसळतात, धबधब्यांपाशी झुंबड उडते आणि अपघात टाळण्यासाठी प्रशासनाला अनेकदा मनाई आदेश काढावे लागतात. चातुर्मासात आपणही शक्यतो प्रवास टाळतो. पौषात रूढीप्रमाणे लग्नकार्ये नसल्याने गिऱ्हाईक थोडे कमी असते, त्याच सुमारास मुलांना नाताळची सुट्टी मिळते, हवा थंड आणि आकाश स्वच्छ असते. व्यापाऱ्याला दोन दिवस शटर ओढण्यास याहून सोयीचा काळ नाही.

आता वाटेविषयी. कल्याण–नगर रस्त्याने मुरबाड, सरळगाव, टोकावडे ओलांडले की वैशाखरे लागते. गावाच्या थोडे पुढे नाणेघाटाची पायवाट जंगलात शिरते. सवय नसणाऱ्यास चढायला अडीच ते तीन तास लागतात. मात्र ज्यांना चढवत नाही त्यांनी घरी बसण्याचे कारण नाही. माळशेज घाट चढून गणेशखिंडीमार्गे जुन्नर आणि तेथून घाटघरमार्गे सुमारे 30 किलोमीटर गेले की मोटार नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत पोहोचते. वळसा मोठा आहे, पण रस्ता आहे. म्हणून आम्ही घराचे दोन गट केले. मुले, सुना आणि थोरली नातवंडे वैशाखऱ्याहून पायी निघाली. दादा, वहिनी, माझी पत्नी आणि मी गाडीने निघालो. दोन्ही गट सकाळी साडेसहाला निघाले आणि दहाच्या सुमारास माथ्यावर भेटले.

पायी जाणाऱ्यांसोबत गावातला एक वाटाड्या घेतला होता. त्याच्या घरी आदल्या दिवशी निरोप देऊन कांदा-लसणाविना तांदळाची भाकरी आणि डाळ सांगितली होती. पैसे किती, हे आधीच विचारले. दादांचा आग्रह होता की तेथे घासाघीस करायची नाही. प्रत्येकाजवळ उकळलेले दोन-तीन लिटर पाणी होते. वाटेत पाण्याची खात्री धरू नये. नवकारशीनंतर झाडाखाली खाखरे आणि थेपले झाले. त्या दिवसांत सूर्यास्त सहाच्या आसपास होतो. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळच्या भोजनाचे ठिकाण आणि वेळ आधी ठरवावी आणि त्यावरून परतीची वेळ मोजावी, म्हणजे धावपळ होत नाही. मुक्काम करायचा असल्यास माळशेजला पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. नोंदणी आगाऊ करावी.

नाणेघाट ही मुळात व्यापाऱ्यांचीच वाट. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच खिंडीतून जुन्नर आणि पैठणकडे जाई. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी यांची त्यात संख्येसह नोंद आहे. त्या अंकांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांची चिन्हे वेगळी. भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे. जन्मभर आकडेमोड केलेल्या मला त्या भिंतीपुढून हलवेना.

दादा रांजणाच्या काठावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. खाली कोकण उन्हात पसरले होते. नातीने विचारले, “आजोबा, तुमच्या गल्ल्याएवढा आहे का हो?” ते हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चाळीस वर्षे घाटावरचा माल विकला, नाणेघाट आज पाहिला. दुकान दोन दिवस बंद राहिले, काय बिघडले?” वहिनी काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त डोळ्यांना पदर लावला. तरुणपणी त्या दादांबरोबर पायथ्यावरून चढून गेल्या असत्या, हे मला तेव्हा उमगले.

बँकेतला माणूस म्हणून एवढेच सुचवतो. लाभपंचमीला नवी वही उघडाल तेव्हा पहिल्याच पानावर पौषातल्या सहलीची तारीख लिहा आणि घरातल्या सर्वांना सांगा. खर्चासाठी दरमहा छोटी आवर्ती ठेव ठेवा. उधारी पुढच्या वर्षी वसूल होऊ शकते. गुडघे मात्र मुदतवाढ देत नाहीत.