पोस्टर आधी कुठे लावायचे?

कलावंतांचा पडदा : लेखांक सहावा

कलावंतांच्या फिल्म म्हणजे काय, याची ओळख गेल्या काही लेखांकांत झाली. चित्रकारांनी आणि कॅमेऱ्याशी खेळणाऱ्या इतर मंडळींनी कथानकाची सक्ती न मानता केलेल्या, बहुधा छोट्या लांबीच्या या फिल्म. आता प्रश्न त्या थिएटरात दाखवण्याचा. विषय निघाला की एक उत्तर ठरलेलेच असते : आपल्याकडे याला प्रेक्षक नाही, आधी अभिरुची घडवायला हवी. मला हे उत्तर आळशीपणाचे वाटते. प्रेक्षकाला घडवायला निघण्याआधी कार्यक्रम घडवावा लागतो. कोणती फिल्म कशाच्या शेजारी लावायची आणि तिची खबर आधी कोणाच्या कानावर घालायची, या दोन निर्णयांवरच बरेचसे यशापयश ठरते.

नुसती फिल्म टॉकीजपर्यंत पोचवून भागत नाही, याचा पुरावा आपल्या सरकारनेच तयार करून ठेवला आहे. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. तिची रिळे मुख्य सिनेमाआधी दाखवणे टॉकीजवाल्यांना परवान्याच्या अटीनेच भाग होते. साठच्या दशकात जहांगीर भावनगरी यांच्यासारखा जाणकार सल्लागार लाभला आणि या सरकारी खात्यात चक्क प्रयोग सुरू झाले. पंढरपुरात जन्मलेल्या आणि उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवणाऱ्या एम. एफ. हुसेन यांनी १९६७ साली राजस्थानवर ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केली. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लघुपटाचे सुवर्ण अस्वल तिने पटकावले. प्रमोद पती यांची ‘एक्स्प्लोरर’ १९६८ची, ‘आबिद’ १९७२ची. ‘आबिद’मध्ये व्यंगचित्रकार आबिद सुरती एका खोलीत रंगांचा धुमाकूळ घालतात. एकेक चौकट सुटी टिपल्यामुळे हाडामांसाचा माणूस कळसूत्री बाहुलीसारखा झटक्याझटक्याने हलतो. पाचेक मिनिटांचा हा खेळ पाहून हसायला कलेचे शिक्षण लागत नाही. यातली प्रत्येक फिल्म प्रत्येक गावी लागली असे नाही, पण अशा फिल्म करणाऱ्या संस्थेच्या हाताशी देशभरचे पडदे होते, हे खरे. तरीही त्यातून प्रेक्षकवर्ग उभा राहिला नाही. धरणाचे उद्घाटन, कुटुंबनियोजन आणि हुसेन एकाच दावणीला बांधले गेले. पोस्टरवर नाव नाही, कोणी केली ते सांगणारे कोणी नाही. लोकांनीही ‘न्यूज रील’ संपेपर्यंत बाहेर विडी ओढून येण्याची सोय शोधली. त्यात त्यांचे काय चुकले?

याउलट न्यूयॉर्कमध्ये एमॉस आणि मार्सिया व्होगेल यांनी १९४७ ते १९६३ या काळात ‘सिनेमा १६’ ही फिल्म सोसायटी चालवली. त्यांच्या हाती ना सक्ती होती ना सरकारी पैसा, होती ती सभासदांची वर्गणी. भरभराटीच्या काळात सभासद सात हजारांच्या घरात गेले. व्होगेल एकाच संध्याकाळी शास्त्रीय माहितीपट, अमूर्त ॲनिमेशन आणि एखादी सामाजिक फिल्म मुद्दाम एकापुढे एक लावत. एकीमुळे दुसरीकडे पाहण्याची नजर बदलावी, हा हिशेब. न्यूयॉर्कएवढे शहर आपल्या बेळगाव भागात नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तिथून आकडा उचलायचा नाही, जुळणीची रीत तेवढी घ्यायची.

ती रीत वापरायला उत्तम फिल्म आपल्या दारातच आहे. निपाणी म्हटले की १९८१चे तंबाखू आंदोलन आणि शेतकरी नेते शरद जोशी आठवतात. त्याच सुमारास तिथल्या वखारींमधल्या कामगार बायका संघटित होत होत्या. बंगळूरच्या ‘युगांतर’ या गटाने (दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर, मीरा राव) जवळपास चार महिने या बायकांबरोबर घालवून १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ ही मराठी फिल्म केली. लांबी जेमतेम पंचवीस मिनिटे. काय दाखवायचे हे बायकांशी बोलून ठरले, म्हणून तिच्यात वरून सांगणाऱ्याचा सूर नाही. पुढे बर्लिनच्या आर्सेनल या फिल्म आणि व्हिडिओ कलेच्या संस्थेने युगांतरच्या फिल्म जतन केल्या आणि आज जगभरचे कलाप्रेक्षक त्या पाहतात. निपाणीतल्या किती घरांना हे ठाऊक असेल?

कोणी म्हणेल, ही चळवळीची फिल्म, हिला कलावंतांची फिल्म का म्हणायचे? कॅमेऱ्यासमोरची माणसे आणि कॅमेऱ्यामागची माणसे यांचे नाते नव्याने बांधणे हा घाटाचाच प्रयोग आहे, प्रमोद पतींच्या चौकटींइतकाच धाडसी. म्हणूनच ती ‘आबिद’च्या शेजारी लावून पाहावी. आधी पाच मिनिटे रंगांचा दंगा, मग वखारीतले कृष्णधवल हात. दुसरा आक्षेप मोबाइलचा : घरबसल्या दिसते त्यासाठी तिकीट कोण काढेल? पण युगांतरच्या फिल्म मुळात बैठकांमध्ये दाखवून त्यावर बोलण्यासाठीच होत्या. ते बोलणे वगळले तर फिल्म अर्धीच पाहिल्यासारखे होते. तिकीट मात्र असावे, पन्नास रुपयांचे का होईना. फुकटच्या खेळाला माणूस पावसाचे निमित्त काढून घरी राहतो.

बाकी कामे रोखठोक आहेत. सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, ते आहे का हे आधी तपासावे. नसेल तर रीतसर सूट किंवा फिल्म सोसायटीच्या सभासदांपुरता खेळ, हे मार्ग चोखाळावेत. फिल्म मराठी असली तरी कन्नड सबटायटल करून घ्यावीत, कारण तंबाखू कामगारांच्या वस्त्यांत दोन्ही भाषा नांदतात. पोस्टरही दोन्ही लिप्यांत हवे. ते बेळगावात अनगोळ नाक्यावर आणि टिळकवाडीच्या कॉलेजांपाशी जरूर लावावे, पण त्याआधी निपाणीच्या बसस्टँडवर आणि वखारींच्या दारांत. बेळगावचा रसिक ‘बर्लिनला गाजलेली फिल्म’ एवढ्यावर येईलही, पण आपल्या गल्लीतल्या मावशी पडद्यावर आहेत हे कळल्यावर येणारा माणूस घरच्या चौघांना घेऊन येतो. सुरुवातीला दोनच खेळ करावेत, एक निपाणीत आणि एक बेळगावात. निपाणीचा आधी.