धरणगाव ते कुत

धरणगावात आज कुणी पलटणीचा पत्ता विचारला, तर लोक बहुधा पोलीस ठाण्याचीच वाट दाखवतील. पण 1825 मध्ये इथेच जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देश भिल्ल कोअर उभी केली. सातपुड्याच्या रानात ज्यांना पकडण्यासाठी सरकार धावत होतं, त्यांनाच त्याने वर्दी चढवली. उणीपुरी साठ-पासष्ट वर्षं ही पलटण टिकली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलिसांत विरून गेली. महारांची फौजेतली भरतीही त्याच सुमारास थांबली. ‘लढाऊ जाती’ हे खूळ तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

भिल्ल पलटण मोडण्याची वेळही नेमकी चुकली. पुढच्या दशकात सरसेनापती किचनेरने हिंदी फौज डिव्हिजनांत बांधायला घेतली. डिव्हिजन म्हणजे चालतं-फिरतं गावच: तीन ब्रिगेड, प्रत्येकीत चार पलटणी (एक गोऱ्यांची, तीन हिंदी), शिवाय तोफखाना, पूल बांधणारे सॅपर्स, खेचरं, दवाखाना. आग्रा रोडने धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करत वर गेलं की महू लागतं. पाचवी डिव्हिजन तिथली. ती पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातच राहिली. परदेशी गेली ती सहावी, पुण्याची.

तिच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती: 117वी, 103वी आणि 110वी. 6 नोव्हेंबर 1914 रोजी डिव्हिजनची पहिली तुकडी इराणच्या आखाताच्या टोकाशी, फाओला उतरली. त्याच महिन्यात बसरा पडलं, पुढच्या सप्टेंबरात टायग्रिस नदीकाठचं कुत. मग बगदादचा मोह पडला. बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांनी अडवलं, आणि जनरल टाउनशेंडची दमलेली फौज परत कुतमध्ये येऊन अडकली.

वेढा 147 दिवस चालला. पीठ संपत आलं तशी घोडे-खेचरं कापली जाऊ लागली, पण हिंदी शिपाई त्या मांसाला शिवेनात. टाउनशेंडने बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. तीही सहजी पचली नाही. दरम्यान स्कर्व्हीने हिरड्या सुजत होत्या. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. 24 एप्रिल 1916 च्या रात्री धान्य भरलेली ‘जुलनार’ ही आगबोट नदीतून घुसली आणि वाटेतच तुर्कांच्या हाती लागली. पाच दिवसांनी सुमारे 13 हजार माणसांनी शस्त्रं खाली ठेवली.

टाउनशेंडची कैद इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात गेली. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी हाकललं. बरेच वाटेत गेले. उरलेल्यांतले कित्येक रास अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले.

117व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. 1917 मध्ये माणसं कमी पडू लागली तेव्हा महारांचीही पलटण, 111वी, उभी राहिली. युद्ध संपलं आणि 1921 मध्ये ती मोडली!

बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतीवर या मोहिमेतल्या पलटणी क्रमाने कोरल्या आहेत. गोऱ्या सोजिराचं नाव आहे, हिंदी अंमलदाराचंही आहे. साध्या हिंदी शिपायाचं नाही. अंमलदारांच्या नावांखाली ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई’ एवढाच आकडा. मराठा पलटणीत कुणी अंमळनेरचा किंवा साक्रीचा शिपाई पडला असेल, तर भिंतीवर तो त्या आकड्यातच आहे.