मुक्काम दादर, धर्मशाळा गाडगेबाबांची

अमरावती एक्स्प्रेस असो की विदर्भ एक्स्प्रेस, बडनेऱ्याला किंवा अकोल्याला संध्याकाळी गाडीत बसलेला माणूस पहाटे दादरला उतरतो. खांद्याला पिशवी, पिशवीत रिपोर्टांची जाडजूड फाईल, शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली आई. जायचं असतं परळच्या टाटा हॉस्पिटलात. 1941 साली सुरू झालेल्या या रुग्णालयाचं नाव वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यात माहीत आहे. घरी निघतानाची चिंता मात्र वेगळीच असते : ‘पैशाचं पाहू कसंबी, पन राहाचं कुठी?’

कॅन्सरच्या उपचारात हा प्रश्न औषधाइतकाच मोठा. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस आणि बहुतेकदा कित्येक आठवडे चालतं. मशीनखाली जेमतेम काही मिनिटं जातात, त्यासाठी हॉस्पिटलात खाट मिळत नाही. उरलेला दिवस आणि सगळी रात्र कुठे काढायची? लॉजचं भाडं दीड महिना भरायचं तर वावर विकावं लागेल. अशांसाठी दादर पूर्वेला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. हॉस्पिटलचे कागद दाखवायचे, अगदी कमी पैशांत जागा मिळते. बंगाल-बिहारचे रुग्ण इथे वऱ्हाडातल्यांच्या शेजारी राहतात.

ही इमारत बाबांच्या पश्चात उभी राहिली, पण तिची रीत त्यांचीच. डेबूजी झिंगराजी जानोरकर 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले आणि अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. 1905 मध्ये घर सोडल्यावर जिथे गर्दी आणि हाल दिसतील तिथे ते थांबले. पूर्णेकाठी ऋणमोचनच्या जत्रेत लोक चिखलातून घसरत नदीत उतरत. तिथे त्यांनी घाट बांधायला घेतला. मग धर्मशाळा : मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, पंढरपूर. पंढरीचं मंदिर दलितांना 1947 साली खुलं झालं. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभारली होती. वाळवंटात उघड्यावर झोपणाऱ्या वारकऱ्याला आधी छप्पर हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे ही वास्तू त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

एवढं बांधणारा माणूस स्वतः मात्र बाहेर झाडाखाली पथारी टाकायचा. नातलगांचा या इमारतींवर काडीचा हक्क नाही, ही त्यांची अट होती. माझ्या मते या संस्था टिकल्या त्या या अटीमुळे. मालकी सांगणारा कुणी नसला की पाहुण्यावर उपकार केल्याचा भावही उरत नाही.

आणि खराटा. गावात शिरल्यावर बाबा आधी रस्ता झाडायचे, कीर्तन रात्री. केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, साधा संसर्गही जिवावर बेततो. म्हणून अशा रुग्णाला गादी किती मऊ यापेक्षा फरशी रोज पुसली का, संडास धुतला का, पिण्याचं पाणी झाकलं का, हे विचारावं लागतं. बाबांनी ही औषधं पाहिली नव्हती. त्यांनी लावलेली झाडलोटीची शिस्त मात्र नेमकी या रुग्णाच्या कामी येते. चांगल्या मुक्कामाची माझी कसोटी हीच आहे, मग दारावर किती का तारे असेनात.

20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबा गेले. समाधी अमरावतीत, गाडगेनगरात आहे. इथल्या विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. तरी अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, रुग्णाचे नातलग रात्री व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपलेले दिसतात. मेळघाटातून आलेली बाई पोराच्या खाटेखाली डबा ठेवते आणि भिंतीला टेकून बसते. बाबांच्या दोन्ही जिल्ह्यांत मोठ्या सरकारी दवाखान्याला लागून अशी धर्मशाळा हवी. त्याला संगमरवर लागत नाही. न्हाणी, चूल पेटवायला ओटा, सामानाला कुलूपबंद कपाट आणि सकाळ-संध्याकाळ झाडणारं कुणीतरी, एवढं पुरे.