पेशीच्या दारातले जय-विजय

माझी मावशी सकाळी गॅसचा लायटर दोन्ही हातांनी धरायची. एका अंगठ्यात खटका दाबण्याएवढं बळ नसे. पहाटे पाचला उठली तरी बोटं मोकळी व्हायला सात वाजत. तोवर दुधाच्या पिशवीचा कोपरा कापणं, चहाच्या डब्याचं झाकण फिरवणं ही कामं काकांकडे. घरात निदान ठरलेलं होतं: ‘वात आहे’. एरंडेल झालं, महानारायण तेल झालं, शेजारणीनं दिलेलं तांब्याचं कडंही झालं. शेवटी सुजेमुळे बांगड्या निघेनात, त्या सोनाराकडून कापून घ्याव्या लागल्या, आणि मग कुठे रक्त तपासायचं कुणाच्या तरी मनात आलं.

‘संधिवात’ हा आपल्याकडे फार ऐसपैस शब्द आहे. गुडघ्याची झीज त्यात, युरिक ॲसिड त्यात, चिकनगुनियानंतरची ठणक त्यात. मावशीला होता तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस; माधवनिदानातल्या ‘आमवाता’शी त्याचं नातं वैद्यमंडळी जोडतात. यात सांधा झिजत नाही, त्याच्यावर हल्ला होतो. परक्या जंतूंशी लढायला ठेवलेली फौज सांध्याच्या अस्तरावरच चालून येते, अस्तर सुजतं, आणि पुढे हाड कुरतडलं जातं.

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण आपल्याला उजनीच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे माहीत आहे. संधिवाताच्या अभ्यासकांना ते वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे. १९९६मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं या गावात घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांना ‘कुठे दुखतं?’ असं विचारलं. जवळपास १८ टक्क्यांनी कुठे ना कुठे दुखत असल्याचं सांगितलं. नीट तपासल्यावर ऱ्हुमॅटॉइड निघाला साधारण अर्ध्या टक्क्याला. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. राज्यात आठ कोटी प्रौढ धरले, तर तो चार लाखांवर जातो.

या चार लाखांसाठी औषध काय? गेल्या शतकाची गोष्ट थोडक्यात उरकतो. आधी सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं आली. १९४८मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन दिलं आणि खिळलेली रुग्ण चालू लागली; १९५०मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि स्टेरॉइडचे दुष्परिणाम पुढे जगाला मिळाले. मग मेथोट्रेक्सेट आलं. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत हे औषध घडलं, ते कर्करोगासाठी. आमवातात आठवड्यातून एकदाच, थोडक्या मात्रेत देतात. (एकदाच! ही गोळी चुकून रोज घेऊन तोंड सोलवटलेले रुग्ण आजही येतात.) ते अजूनही पहिल्या फळीत आहे. लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९०च्या दशकात लंडनमध्ये दाखवून दिलं की टीएनएफ नावाचा एकच निरोप्या रोखला, तरी सूज ओसरते. त्यातून जैविक इंजेक्शनांचं युग सुरू झालं. औषध जबरदस्त, पण टोचून घ्यायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि महागडं.

गोळीची कथा इथून पुढे.

पेशी हा वाडा समजा. बाहेरून सायटोकाइन नावाचे जासूद ‘सूज वाढवा’ असा सांगावा घेऊन येतात. त्यांना आत प्रवेश नाही. दारावरच्या कडीला, म्हणजे रिसेप्टरला, ते हात लावतात आणि थांबतात. गंमत अशी की या जातीच्या रिसेप्टरला स्वतःला काही करता येत नाही. त्याच्या आतल्या टोकाशी जोडीनं उभे असलेले द्वारपाल जागे होतात, एकमेकांना ढोसतात, मग ‘स्टॅट’ नावाच्या आतल्या हरकाऱ्याला हुकूम देतात, आणि तो थेट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. वैकुंठाच्या दारात जय-विजय असतात तसे हे ‘जॅक’. एकटा सहसा काम करत नाही. चौघे भाऊ आहेत: जॅक-१, जॅक-२, जॅक-३ आणि टिक-२. कुठल्या दारावर कोणती जोडी उभी राहणार, ते ठरलेलं आहे.

जैविक इंजेक्शन एका विशिष्ट जासूदाला बाहेर रस्त्यातच गाठतं. जॅक-रोधक गोळी पेशीत शिरते आणि द्वारपालाला ऊर्जा जिथून मिळते, त्या एटीपीच्या खाचेत जाऊन बसते. द्वारपाल पेंगतो. त्या दारानं येणारे सगळेच सांगावे मग मंदावतात. या औषधाची ताकद हीच आणि धोकाही हाच. पुढचं सगळं महाभारत या एका वाक्यात आहे.

‘जॅक’ हे नाव एका कंटाळलेल्या विनोदातून आलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्नमध्ये अँड्र्यू विल्क्स नवनवी कायनेज, म्हणजे या द्वारपालांच्या जातीची विकरं, शोधत होते. त्या काळात कायनेज पैशाला पासरी सापडत. म्हणून नाव पडलं ‘जस्ट अनदर कायनेज’, म्हणजे आणखी एक कायनेज, बस्स. नंतर लक्षात आलं की या रेणूत कायनेजचे दोन भाग आहेत, एक काम करणारा आणि एक त्याचा तोतया. तेव्हा दोन तोंडांच्या रोमन देवाच्या नावावरून ‘जानस कायनेज’ असं सभ्य नामकरण झालं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन ओशिया जॅक-३चा अभ्यास करत होते. १९९५मध्ये उघड झालं की काही बाळं जन्मतःच जवळजवळ प्रतिकारशक्तीशिवाय येतात, कारण त्यांचं जॅक-३ बिघडलेलं असतं. ओशियांनी उलटा विचार केला: एक रेणू नसल्यानं प्रतिकारशक्ती एवढी कोसळते, तर तोच रेणू थोडासा दाबून बेफाम झालेली प्रतिकारशक्ती आवरता येईल. फायझर कंपनीनं ही कल्पना उचलली. २००३मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जो रेणू जाहीर झाला, तो अवयवरोपणासाठी होता. माकडांमध्ये बसवलेलं मूत्रपिंड त्यानं टिकवलं. रोपणात तो पुढे मागे पडला, सांध्यांत मात्र चालला. हाच टोफासिटिनिब. जॅक-३ डोळ्यांपुढे ठेवून घडवलेलं हे औषध जॅक-१लाही तेवढंच झोपवतं, हे नंतर कळलं. नेम एकाचा, झोपले दोघे.

नोव्हेंबर २०१२मध्ये अमेरिकेनं त्याला आमवातासाठी परवानगी दिली. युरोपनं २०१३मध्ये नाकारलं. संसर्गाची धास्ती मोठी, फायदा तेवढा सिद्ध नाही, असं त्यांचं म्हणणं. परवानगी द्यायला २०१७ उजाडलं. त्या वेळी युरोपवर ‘अतिसावध’ म्हणून टीका झाली. आज मला ती सावधगिरी तितकीशी चुकीची वाटत नाही.

पाठोपाठ बॅरिसिटिनिब आणि उपाडासिटिनिब आले. बॅरिसिटिनिबची ॲडालिमुमॅब या गाजलेल्या इंजेक्शनशी समोरासमोर तुलना झाली. १२ आठवड्यांत गोळीवरच्या ७० टक्के रुग्णांना ठरावीक प्रमाणात आराम, इंजेक्शनवर ६१ टक्क्यांना. बिनऔषधी गोळीवरही ४० टक्के, कारण सगळ्यांचं मेथोट्रेक्सेट चालूच होतं, आणि लक्ष घालणारा डॉक्टर हाही औषधच असतो. तोंडानं घ्यायची गोळी सुईच्या पुढे गेली, ही संधिवातशास्त्रात छोटी घटना नव्हती.

मावशीला टोफासिटिनिब सुरू झालं तेव्हा तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. तब्येतीबद्दल अवाक्षर नाही. म्हणाली, “आज पुरणपोळ्या मीच लाटल्या. सात झाल्या, आठवी काकांनी जाळली.”

आता दुसरी बाजू. परवानगी देतानाच अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फायझरला एक अट घातली होती: हृदय आणि कर्करोग यांबाबत मोठी चाचणी करा. २०१४मध्ये ती सुरू झाली. ४,३६२ रुग्ण, सगळे पन्नाशीचे किंवा त्यापुढचे, प्रत्येकाला हृदयविकाराचं किमान एक जोखमीचं कारण. काहींना टोफासिटिनिबच्या दोनपैकी एक मात्रा, काहींना टीएनएफविरोधी इंजेक्शन. २०१९मध्ये जास्त मात्रेच्या गटात फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या आणि मृत्यू जास्त दिसले. ती मात्रा तिथेच कमी करण्यात आली. जानेवारी २०२२मध्ये पूर्ण निष्कर्ष छापून आले. सुमारे चार वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू: गोळीवर ३.४ टक्के, इंजेक्शनवर २.५. कर्करोग: ४.२ विरुद्ध २.९. निष्कर्ष छापून येण्याआधीच, सप्टेंबर २०२१मध्ये, अमेरिकेनं टोफासिटिनिबसोबत बॅरिसिटिनिब आणि उपाडासिटिनिबच्या वेष्टनावरही काळ्या चौकटीतला इशारा आणला होता.

हे आकडे कसे वाचायचे यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. हजार माणसांमागे चार वर्षांत हृदयाच्या नऊ घटना जास्त. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, एवढी सांख्यिकी सैल आहे. कर्करोगाच्या बाबतीत ती सैल नाही. शिवाय तुलना इंजेक्शनशी आहे. सूज आवरून इंजेक्शन हृदयाला वाचवत असेल, तर गोळीला विनाकारण दोषी ठरवलं जातं. बॅरिसिटिनिब आणि उपाडासिटिनिब या दोन भावांवर ज्याचा खटलाच चालला नाही तो आरोप लावणं बरोबर का, हाही प्रश्न उरतो. पण एक गोष्ट स्पष्ट दिसली: जादा धोका मुख्यतः ६५च्या वरच्यांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत गोळा झालेला होता. युरोपनं २०२२मध्ये सरळ सांगितलं, अशांना दुसरा पर्याय नसेल तरच ही गोळी द्या. मला हा निवाडा पटतो. पस्तिशीची, तंबाखूपासून दूर असलेली बाई आणि सत्तरीचे, दिवसाला पाकीट ओढणारे आजोबा, या दोघांना एकच इशारा वाचून दाखवणं म्हणजे दोघांनाही काहीच न सांगणं. (पस्तिशीच्या बाईला मात्र दुसरी गोष्ट सांगायलाच हवी: दिवस जाऊ द्यायचे असतील, तर ही गोळी चालत नाही.)

सांध्यांबाहेरची घोडदौड तर चकित करणारी आहे. २०१४मध्ये येल विद्यापीठातल्या ब्रेट किंग यांनी पंचवीस वर्षांच्या एका तरुणाची हकीकत छापली. अंगावर सोरायसिस आणि डोक्यापासून पापण्यांपर्यंत एक केस नाही. टोफासिटिनिबवर आठ महिन्यांत त्याला भुवया, पापण्या, डोकंभर केस आले. चाईवर अंगभर काम करणारं औषध म्हणून २०२२मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिबला मान्यता मिळाली, त्याच वर्षी कोडासाठी रक्सोलिटिनिबच्या मलमाला. इसब, आतड्यांचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, कण्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, यादी लांबत गेली. ल्युपसमध्ये मात्र बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांनी परस्परविरोधी उत्तरं दिली आणि कंपनीनं तो नाद सोडला. टिक-२च्या तोतया भागाला जाऊन चिकटणारा ड्युक्राव्हासिटिनिब हा सोरायसिससाठी आलेला नवा, जास्त नेमका प्रकार. आणि २०२३च्या डिसेंबरात मेलबर्नहूनच बातमी आली: नुकताच टाइप-१ मधुमेह झालेल्या ९१ मुला-तरुणांच्या चाचणीत बॅरिसिटिनिब घेणाऱ्यांचं स्वतःचं इन्शुलिन वर्षभर जास्त टिकलं. ‘आणखी एक कायनेज, बस्स’ म्हणून जिथे नाव ठेवलं होतं, तेच शहर.

आपल्याकडे बॅरिसिटिनिब घरोघर पोहोचलं ते २०२१च्या मे महिन्यात. कोविडच्या दुसऱ्या लाटेत सरकारनं त्याला तातडीची परवानगी दिली आणि मूळ कंपनी एली लिलीनं सिप्ला, ल्युपिन, सन फार्मा यांना रॉयल्टी न घेता परवाने दिले. तिन्ही कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत. सूज आवरणारी गोळी विषाणूच्या आजारात का, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पण प्राण घेत होता तो सायटोकाइनचा गोंधळ, आणि ब्रिटनमधल्या आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत या गोळीनं मृत्यू थोडे का होईना कमी झाले.

टोफासिटिनिबच्याही भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आता मिळतात. अमेरिकेत सुरुवातीला महिन्याला सुमारे २,००० डॉलर लागायचे; इथे मध्यमवर्गीय घराला झेपेल अशा किमतीत हे औषध येतं. हे फार मोठं काम झालं आहे. पण स्वस्त झाली म्हणून गोळी हलकी झाली नाही, आणि आपल्या देशात तर तिचा एक जुना वैरी घरातच दबा धरून बसलेला आहे. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाची लागण आढळली, बहुतेकांत झोपलेली. सायटोकाइनचे सांगावे हीच त्या जंतूंवरची पहारेदारी. दारावरचे जय-विजय पेंगले की हे जंतू उठू शकतात. टोफासिटिनिबच्या जागतिक चाचण्यांत क्षयाचे जे २६ रुग्ण निघाले, त्यांतले २१ क्षय फोफावलेल्या देशांतले होते. नागिणीचंही तेच, जपान आणि कोरियात तर ती विशेष दिसली. नागिणीची नवी लस २०२३पासून भारतात मिळते, महाग आहे, तरी गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारावं.

मावशीच्या बाबतीत गोळी आधी आली आणि छातीचा एक्स-रे नंतर. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं क्षयाचा प्रश्नच काढला नव्हता; तिच्या सासऱ्यांना तो झाला होता, हे तिनंही सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी थांबवली, तपासण्या केल्या, आधी क्षयप्रतिबंधक औषध सुरू केलं आणि महिन्याभरानं गोळी पुन्हा दिली. तो महिना तिनं लायटर पुन्हा दोन्ही हातांनी धरला. पण थांबणं जमलं, कारण या गोळीचा अंमल इंजेक्शनासारखा आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळत नाही. हा तिचा एक खराखुरा गुण.

तेव्हा एवढं करा. घरात कुणी ‘टिनिब’ने संपणारी गोळी आमवातासाठी घेत असेल, तर आज त्यांची फाइल उघडा. क्षयाची तपासणी, रक्तातल्या पेशी, यकृत, कोलेस्टेरॉल यांचे कागद त्यात आहेत का, ते पाहा. रक्त सुरुवातीला, मग महिना-दोन महिन्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी तपासायचं असतं. औषधवाला ओळखीचा असतो आणि जुन्या चिठ्ठीवरही पाकीट काढून देतो. त्या चिठ्ठीवरची तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल, तर आधी लॅबमध्ये जा आणि मग दुकानात.